धुऱ्याचं पद



पत्रिकेवर या व्याख्यानाच्या वर नुसतं ‘गुरुजींच्या स्मरणार्थ’ एवढंच छापलंय. बाहेरगावच्या पाहुण्यांना प्रश्न पडला असेल, कोणते गुरुजी? आपलं नाव कशालाही द्यायचं नाही असं त्यांनी बजावून ठेवलं होतं, आणि इथे ‘गुरुजी’ म्हटलं की दुसरं कोणी डोळ्यांसमोर येतही नाही. तेव्हा मीही नाव घेत नाही. आजच्या विषयात नाव घेण्या-न घेण्याला बरंच मोल आहे, म्हणून आधीच सांगून टाकलं.

विषय एका परीनं गुरुजींचाच. ते पेटी वाजवायचे. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात, जैनदकडच्या एका गावात नोकरीला असताना तिथल्या भजनी मंडळात दर एकादशीला बसायचे. त्या मंडळात दोघे भाऊ होते. थोरला मृदंग वाजवायचा, धाकटा गायचा. दोघांची वावरं लागून, मध्ये धुरा. त्या धुऱ्यावरून दोन वर्षं दोघांत बोलणं बंद होतं. पण एकादशी चुकवायची नाही म्हणून दोघंही देवळात यायचे, एक या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी. अशाच एका एकादशीला धाकट्यानं स्वतः रचलेलं पद म्हणायला घेतलं. पहिल्या कडव्यात धुरा आला, पलीकडून सरकत येणारा नांगर आला, आणि दरवर्षी एकेक तास आत घेणारा थोरला भाऊ आला. मृदंग त्याच थोरल्याच्या मांडीवर. गुरुजी सांगायचे, ‘‘बाई, माझी बोटं पेटीवर थिजली. म्हटलं, आता पुढचं कडवं होतं की मारामारी होते?’’

थोरल्यानं काय केलं ते मागाहून सांगते.

तक्रार आणि गाणं यांचं लग्न आपल्या भाषेनंच लावून ठेवलंय. कोणी सारखं कुरकुरू लागलं की आपण म्हणतो, पुरे तुझं रडगाणं. गाऱ्हाणं आपण सांगतो, मांडतो, कोकणात तर देवापुढे घालतात, आणि वीट आला की म्हणतो, काय तेच तेच गाऱ्हाणं गातोस! म्हणजे तक्रारीला चाल असते, ती धृपदासारखी फिरून फिरून येते, हे आपल्या बायाबापड्यांनी केव्हाच ओळखलं होतं. या बोलण्यात हिणवणूक आहे हेही खरं. रडगाणं गाणाऱ्याला कोणी पाट मांडून बसवत नाही. आणि तरी मराठीतली जीव लावणारी गाणी एकेक काढून बघा, कितीतरी रडगाणीच निघतील. कुणाची देवावर तक्रार, कुणाची सासूवर, कुणाची नवऱ्यावर, कुणाची गावावर.

माझा नातू हैदराबादेत शिकतो. तो मागे दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, ‘‘आजी, तुला डिस ट्रॅक ठाऊक आहे का?’’ मग त्यानं मला केंड्रिक लामार आणि ड्रेक या दोन अमेरिकन रॅप गायकांचं २०२४ सालचं भांडण समजावून सांगितलं. एकानं गाण्यात दुसऱ्याची उणीदुणी काढायची, दुसऱ्यानं दोन दिवसांत गाण्यातच उत्तर द्यायचं, असं त्या एप्रिल-मे महिन्यांत चाललं होतं. शेवटी लामारच्या ‘नॉट लाइक अस’ या गाण्यानं बाजी मारली, त्याला पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि ड्रेक कोर्टात गेला. गंमत अशी की दावा लावला तो लामारवर नाही, गाणं काढणाऱ्या युनिव्हर्सल या कंपनीवर. आणि ती कंपनी दोघांचीही. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायाधीशबाईंनी दावा फेटाळला. असल्या तापलेल्या भांडणातल्या गाण्याला ऐकणारा माणूस मत समजतो, शाबीत झालेली वस्तुस्थिती समजत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

निकाल मला अर्धाच पटला. न्यूयॉर्कात असेल तसं. आपल्याकडे गावात एकदा पदात आलं की ते शंभर वर्षं खरं. धुरा कोणी कोरला हे तलाठी ठरवत नाही, पद ठरवतं. सासू खाष्ट होती की नाही हे कोणी विचारत नाही, ओवीत आलंय ना? मग होती. माझं आजचं म्हणणं त्या उरलेल्या अर्ध्या निकालाबद्दल आहे. गाण्यातली तक्रार ही एकतर्फी फिर्याद असते. ज्याच्यावर फिर्याद, त्याचं म्हणणं गाण्यात कुठे असतं?

मी जातं ऐकत वाढले. आमचं घर बेल्याकडचं. पहाटे आई आणि आजी, म्हणजे सासू-सुना, एकाच खुंट्याला हात लावून समोरासमोर बसायच्या. ज्वारी दळायची असे. आणि आई ओवीतून सासुरवास सांगायची. कोणाला? तर समोर बसलेल्या सासूला! माहेरची वाट, न आलेला भाऊ, हंडाभर पाण्यासाठीची चढण, आणि उठता-बसता बोलणारी सासू. आजी ऐकायची, जात्यात मूठ टाकायची, आणि आईची ओवी संपली की आपली एक लावायची. तिच्यातही सासूच, पण तिची सासू, माझी पणजी, तोवर कधीच गेलेली. लहानपणी मला वाटायचं या दोघी आता भांडणार. त्या कधीच भांडल्या नाहीत. म्हणजे जात्यावर भांडल्या नाहीत. चुलीपाशी भांडायच्या.

याचं मर्म मला फार उशिरा कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात बसून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं जे प्रचंड काम केलं, त्यात एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. अलीकडे ‘परी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकायलाही मिळतात. त्या ऐकताना लक्षात येतं की या फिर्यादीत आरोपीचं नाव फार कमी वेळा येतं. नातं येतं. सासू, नणंद, भावजय, दीर. भाऊ लाडाचा असेल तर त्याचं नाव कौतुकानं येईल, मुलाचं येईल, गाणारी आपलं स्वतःचंही गुंफील. पण जिच्याविरुद्ध गाणं आहे ती नुसती सासू. त्यामुळे आजीला ओवी ऐकता यायची. तिला ती आपली वाटायची आणि तरी अंगावर यायची नाही. दोन हात एका खुंट्यावर असताना याहून जास्त सोसलंही नसतं. पीठ अर्धवट राहिलं असतं.

आता एक कबुली. मी स्वतः सासू होऊन बावीस वर्षं झाली. आमच्या घरात जातं नाही, पिठाची गिरणी आहे, तिचा एवढा आवाज की तिथे ओवी कोणी म्हणणार नाही. सुनेला माझ्याबद्दल काय म्हणायचंय ते मला कधी ऐकायला मिळालं नाही. मोबाईलवर बहिणीशी बोलत असावी. पूर्वीच्या सासवांना ही एक सोय होती, त्यांच्यावरचं आरोपपत्र रोज पहाटे त्यांच्यासमोर वाचलं जायचं.

आता तुकोबांकडे येते, इथे थोडा वेळ थांबणार आहे. तुकोबांची आत्मकथा आपण त्यांच्याच अभंगांतून ओळखतो. दुष्काळ, मोडलेला धंदा, अन्न अन्न करत गेलेली पहिली बायको, लोकांत गेलेली अब्रू. १६३०-३१चा तो दुष्काळ. इतिहासकारांना तो फारसी बखरींतून, डच-इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांतून शोधावा लागतो, आपल्याला तो एका वाण्याच्या लाजेतून कळतो. हे सगळं तुकोबांनी स्वतःवर घेऊन सांगितलं. पण दुसरी बायको जिजाई, पुण्याच्या गुळव्यांची लेक, जिला लोक आवली म्हणतात, ती महाराष्ट्राच्या मनात कशी बसली? कजाग. नवरा विठ्ठलाचं नाव घेतोय आणि ही त्याच्यावर ओरडतेय. तीनशे वर्षं कीर्तनकारांनी तिच्यावर हशा पिकवला. मी स्वतः या आदिलाबादेत रामनवमीच्या कीर्तनात आवलीवर पोट धरून हसलेली आहे.

आणि ज्या अभंगांच्या आधारानं हसले ते नीट वाचले तेव्हा तोंड उतरलं. गाथेत सात अभंगांचा एक गट आहे. संपादकांनी त्यावर मथळा घातलाय तो असा, की स्वामींच्या स्त्रीनं स्वामींना कठीण उत्तरं केली. त्या अभंगांत बोलते ती आवली. धान्याची गोणी घरात येते आणि हा ती वाटून टाकतो, पोरांच्या तोंडात दाणा पडू देत नाही. कामधंदा सोडला, गळ्यात माळा घातल्या, देवळात जाऊन बसला. आता पोरांनी खायचं काय? मंडळी, यातला एक तरी मुद्दा खोटा आहे का? नवरा साधू झालेल्या घरातल्या बाईचं याहून नेमकं गाऱ्हाणं मी कुठे वाचलेलं नाही. आणि ते लिहून ठेवलं कोणी? ज्याच्याविरुद्ध आहे त्यानंच. प्रत्येक अभंगाखाली मुद्रा तुकोबांची. स्वतःविरुद्धचं आरोपपत्र स्वतःच्या सहीनं. माझ्या माहितीत जगाच्या गाण्यात असलं उदाहरण थोडं.

इथे कोणी म्हणेल, बाई, तुम्ही भाबड्या आहात. बायकोचे शब्द म्हणून त्यानं जे मांडलं ते त्याच्याच सोयीचं असणार. चिडकी बायको दाखवली की वैराग्य उठून दिसतं. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. आवलीनं स्वतः काही रचलं नाही, रचलं असेल तर आपल्यापर्यंत आलं नाही. तिचं म्हणणं आपल्याला त्याच्या तोंडून ऐकावं लागतं हे खरंच आहे. पण निदान ते ऐकू येतं. नंतरच्या कीर्तनकारांनी त्यातला राग ठेवला आणि रिकामी गोणी गाळली. आवलीवरचा अन्याय अभंगानं केला नाही, तो आपण ऐकणाऱ्यांनी केला.

तिची बाजू पडद्यावर मांडली गेली ती १९३६ साली. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा होते आणि जिजाई होती गौरी. दामले-फत्तेलालांचा तो चित्रपट पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, आपण सगळे पागनिसांच्या डोळ्यांचं कौतुक करतो. मला विचाराल तर चित्रपट गौरीचा आहे. म्हैस हाकणारी, पोरांच्या पाठीत धपाटा घालणारी, नवऱ्यावर डाफरणारी आणि त्याच्यावाचून घास न उतरणारी बाई. तिच्या ओरडण्याला अन्नाचा वास आहे. पुढच्या वेळी टीव्हीवर लागला तर तुकोबांकडे न बघता तिच्याकडे बघा.

देहूत त्याच काळात आणखी एक बाई आली होती, आणि तिनं मात्र स्वतः लिहिलं. वेरूळजवळच्या देवगावची बहिणाबाई. जन्म १६२८, पुढे शिऊरला राहिली, १७०० साली गेली. लहानपणी तिशीच्या बिजवराशी लग्न. ब्राह्मण घर. तिनं देहूच्या वाण्याला गुरू मानलं म्हणून नवऱ्यानं तिला मारलं, घर सोडून जायचं ठरवलं. हे ती अभंगांत सांगते, सालंकृत नव्हे, घडलं तसं. देहूत आल्यावर मंबाजीनं कसा छळ केला तेही सांगते, नाव घेऊन सांगते. मंबाजीला त्यात उत्तराला जागा नाही. तो मठवाला, मानाचा माणूस. ती कोल्हापूरकडून नवऱ्यामागे चालत आलेली तरुण पोर, तिला वाचवणारं तिथे कोणी नव्हतं. बळ कुणाकडे होतं ते पाहिलं की नाव घेतल्याचा दोष तिला लावावासा वाटत नाही. नवऱ्याचं मात्र ती निराळं करते. मारणारा नवरा दाखवते आणि त्याच नवऱ्याचं मन कसं पालटलं तेही दाखवते. हातचं राखत नाही.

चोखोबांच्या घरातल्यांबद्दल इथे लांबण लावत नाही. चोखोबा, सोयराबाई, त्यांचा मुलगा कर्ममेळा, सगळ्यांची फिर्याद थेट विठ्ठलावर. त्यांत कर्ममेळ्याची सगळ्यांत धारदार. बाप अजून आर्जव करत असतो तिथे पोरगा हिशेब मागतो. देवावर कोर्टात दावा लावता येत नाही, तेव्हा त्यांच्यापुरता एकतर्फीपणाचा प्रश्नच निकालात निघतो.

शाहिरांनी या एकतर्फीपणावर सरळ तोड काढली होती. कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र समोरासमोर बसत. एकजण शक्तीचा, दुसरा शिवाचा, पण ते निमित्त. डफावर थाप पडली की प्रतिपक्षाच्या ज्ञानाची, गुरूची, गळ्याची, कधी घराचीही लक्तरं निघायची. पण निघायची ती त्याच्या तोंडावर, आणि त्याला त्याच चालीत जबाब द्यायचा हक्क होता. उजाडेपर्यंत. नातवाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘मग ड्रेक कोर्टात का गेला?’’ मी म्हटलं, जबाब सुचला नाही की माणूस वकील गाठतो. २०१८ साली एमिवे बंटाई आणि रफ्तार यांची हिंदी रॅपमध्ये जुंपली होती, तीही याच जातीची, गाण्याला गाणं.

पठ्ठे बापूराव या परंपरेतले आणि तिच्या बाहेरचेही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्णपण सोडून तमाशाच्या फडात गेले, नर्तकी पवळेच्या सोबतीनं नाव कमावलं, जातीनं वाळीत टाकलं. त्यांनी या सगळ्याची लावणीच करून टाकली. ब्राह्मण्य सोवळ्यासारखं घडी घालून ठेवून आपण कुणासाठी काय सोडलं ते भर फडात, स्वतःचं नाव घालून सांगितलं. पुढे पवळेशी ताटातूट झाली आणि १९४५च्या डिसेंबरात ते पुण्यात हलाखीत गेले. त्यांच्या लावणीत गावावर राग असेल असं वाटतं, पण ऐकताना कान पकडलेला दिसतो तो बापूरावांचा स्वतःचा. लोकांनी टोमणा मारायच्या आत त्यांनी तो स्वतःला मारून घेतला होता. मग लोकांना उरलं काय?

आता आपल्या मुलखाकडे. इथे मला एक वेगळीच अडचण दिसते आणि ती मी बाहेरगावी व्याख्यानांत कधी मांडली नव्हती. आपल्या जिल्ह्यातले परधान गोंडांच्या कुळकथा गातात. तीन तारांची किकरी छातीशी धरून, घोड्याच्या केसांच्या गजानं. कोणत्या सगाचे, म्हणजे कुळगटाचे, देव कुठून आले, कोण गुहेत अडकले, कोणी सोडवलं. हे त्यांचं वंशपरंपरेचं काम. यजमान गोंड घराणी ठरलेली, लग्न असो की मयत, परधानाशिवाय विधी पुरा होत नाही. गातात गोंडीत. पण घरात बोलतात मराठी! मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फसाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलंय. माझ्या शाळेत परधानांची मुलं होती, त्यांची मराठी माझ्या मराठीहून गोड.

म्हणजे विचार करा. दुसऱ्याच्या पूर्वजांची कथा, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या दारात रात्रभर गायची आणि पहाटे आपल्या भाषेत घरी यायचं. अशा गायकाचं स्वतःचं गाऱ्हाणं कुठल्या गाण्यात बसणार? माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांना मी एकदा विचारलं होतं, ‘‘बाबा, तुम्ही तुमचं दुःख गाता का?’’ म्हातारा हसला. म्हणाला, ‘‘माय, किकरी त्यायची हाय. आपलं बोलाले तोंड हाय नं.’’ हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं, त्यावर माझं काही भाष्य नाही. एवढंच म्हणते की प्रत्येक गाणारा आपलंच गात असतो असं समजून आपण जी पुस्तकं लिहितो, त्यांना या म्हाताऱ्यानं एका फटक्यात बाजूला सारलं.

या मुलखात गाऱ्हाणं ऐकण्याची एक जागा जत्रेतच आहे, हे तुम्हाला मी नव्यानं सांगायला नको. १९४० साली जोडेघाटला गोंडांचे पुढारी कोमराम भीम मारले गेले. जंगल, जमीन, पाणी, यांचं गाऱ्हाणं निजामाच्या दरबारात कोणी ऐकलं नव्हतं. गोळ्या झाडून झाल्यावर मग सरकारला वाटलं, हे लोक म्हणतात तरी काय ते पाहावं. त्यासाठी हायमेनडॉर्फ आले, मारलवाईत राहिले, आणि त्या दशकात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला. पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाची पूजा होते, सोबत परधानाची किकरी असते, आणि पुढच्या दिवसांत त्याच आवारात मांडवात कलेक्टरसाहेब बसून अर्ज घेतात. मी तो दरबार अनेकदा पाहिलाय. अर्जावर नाव, गाव, सर्व्हे नंबर, तक्रार थोडक्यात. एका बाजूला हे, आणि पलीकडे किकरीवर हजार वर्षांची कथा, जिच्यात कोणाचाही सर्व्हे नंबर नाही. दोन्ही एकाच जत्रेत ऐकू येतात. अर्जाला निदान पोच मिळते.

तेलुगू गाण्यानं या दोहोंची सांगड घातली, हे मराठी माणसानं मोकळेपणानं मान्य करावं. आपल्या जुन्या जिल्ह्यातल्याच दंडेपल्ली मंडलातल्या लिंगापूरचे गूडा अंजय्या, २०१६ साली वारले. त्यांच्या ‘ऊरु मनदिरा’ या गाण्यात गावाची मालकी कोणाची हा सवाल आहे. राबणाऱ्याचं स्वतःचं दुखणं सगळ्या वाड्याचं होऊन जातं. आपल्याकडे हे काम अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. ‘माझी मैना’ ही छक्कड सुरू होते ती मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याच्या बायकोच्या आठवणीनं, आणि संपता संपता ताटातूट होते ती महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. १९५६ साली आपल्या जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा तिकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या अलीकडे राहिलो, पण आदिलाबादचं नाव काही त्या छक्कडीत नाही. हे माझं रडगाणं नाही. असलं तर चाल अण्णाभाऊंचीच घेते.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. धुऱ्याकडे येते.

त्याआधी नातवानं ऐकवलेली आणखी एक गोष्ट, कारण तिच्यामुळेच मला गुरुजींची ती एकादशी आठवली. फ्लीटवुड मॅक नावाचं एक इंग्रजी वाद्यवृंदाचं मंडळ. त्यातला लिंडसी बकिंगहॅम आणि त्यातलीच स्टीव्ही निक्स, दोघांचं फाटलं. १९७७ साली त्यांची ‘रूमर्स’ ही ध्वनिमुद्रिका आली. तिच्यात त्यानं तिच्यावर रचलेलं गाणं आहे, तिनं त्याच्यावर रचलेलंही आहे, आणि त्यानं तिच्यावर रचलेल्या गाण्यात मागचा सूर धरायला तीच उभी आहे. त्यातला एक शब्द तिला अजिबात मान्य नव्हता, तरी ती गायली. नातू म्हणाला, ‘‘आजी, कसं गायली असेल?’’ मी म्हटलं, आपल्या जैनदकडे एकजण कसा वाजवत होता ते ऐक.

तर धाकट्याचं पहिलं कडवं संपलं. देवळात कोणी टाळ वाजवेना. गुरुजींची बोटं पेटीवर तशीच. थोरल्यानं मृदंग खाली ठेवला नाही. शाईवर हात फिरवला, कणीक जरा दाबली, आणि ठेका चालू ठेवला. गुरुजी म्हणायचे, त्या रात्रीइतका साफ ठेका त्याच्या हातून आधी निघाला नव्हता आणि नंतरही निघाला नाही. मग धाकट्यानं दुसरं कडवं घेतलं. त्यात तो स्वतः होता. आजारपणात थोरल्यानं दिलेले पैसे परत न केलेला, बापाच्या तेराव्याला हिशेबावरून भांडलेला, आणि रात्री कोणी बघत नसताना धुऱ्यावरची दगडी खूण आपणही दोन हात सरकवलेला. शेवटी नाव आपलं घातलं, भावाचं नाही. पहिल्या कडव्यातही भावाचं नाव नव्हतंच, ‘दादा’ एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी दोघे गळ्यात पडले, धुरा मिटला, असं काही झालं नाही. बोलणं पुढच्या पोळ्याला सुरू झालं, तेही बैलांच्या निमित्तानं. धुरा आजही वाकडाच आहे, मी पाहून आले. दोघे भाऊ आता नाहीत, त्यांच्या पोरांनी कापूस लावलाय.

मी त्या गावात चार जणांना ते पद विचारलं. चौघांनीही पहिलं कडवं म्हणून दाखवलं, भाऊ धुरा कोरतो ते. दुसरं कोणाला आठवत नव्हतं. गुरुजींना अख्खं येत होतं, पण त्यांच्याकडून उतरवून घ्यायचं माझ्याच्यानं राहून गेलं. तुमच्यात जैनदकडचं कोणी असेल, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ते दुसरं कडवं येत असेल, तर जाताना दाराशी माझी वही ठेवली आहे, पेनही आहे. लिहून द्या. तेलुगू लिपीत लिहिलंत तरी चालेल.